तुटलेल्या तंगुसाचं टोक

मासा गळाला लागला, दोन मिनिटं ओढला आणि सुटला, की काठावरची चर्चा लगेच आमिषाकडे वळते. पिठात काय घातलं होतं, पेंड कुठली होती, वास कशाचा दिला होता. अहो, मासा लागला होता म्हणजे आमिषानं आपलं काम चोख केलं होतं. पुढचं काम गळाचं, गाठीचं, तंगुसाचं (गळाच्या दोऱ्याचं) आणि रिळाचं. त्यातलं कुणीतरी कमी पडलं. कोण, हे कळायला फार अक्कल लागत नाही. तंगूस गुंडाळून घ्या आणि तुटलेलं टोक उजेडात धरा.

टोकाकडचा इंचभर तंगूस स्प्रिंगसारखा कुरळा झाला असेल, तर तो तुटलेलाच नाही. गाठ सरकून सुटली. वेढे एकमेकांतून घसरत बाहेर आले, त्यांचा पीळ तंगुसावर राहिला. अशा वेळी ‘मासा फार मोठा होता’ असं सांगायची पद्धत आहे. सांगावं, पण पुढच्या वेळी गाठ नीट मारावी.

गाठी पन्नास असतील, दोन पुरतात. साध्या नायलॉनच्या तंगुसाला क्लिंच. टोक गळाच्या डोळ्यातून काढायचं, मुख्य तंगुसाभोवती सहा वेढे द्यायचे, डोळ्यालगत जो छोटा फास तयार झाला त्यातून टोक परत आणायचं आणि त्यामुळे जो मोठा फास झाला त्यातूनही एकदा काढायचं. ही शेवटची पायरी गाळली तर गाठ घसरते. तंगूस 0.40 मिमीपेक्षा जाड असेल तर सहाऐवजी चार-पाच वेढे पुरतात, कारण जाड तंगुसाचे सहा वेढे एकमेकांवर नीट बसतच नाहीत. ओढण्याआधी गाठ थुंकीनं ओली करायची. ही अंधश्रद्धा नाही. कोरडा नायलॉन नायलॉनवर घासला की तापतो आणि तापला की तिथेच कमजोर होतो. ओढायचं सावकाश, झटका न देता, आणि वेढे बांगड्यांसारखे शेजारी शेजारी बसले आहेत ना ते पाहायचं. एक वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर गाठ कापून नवी मारायची. टोक अगदी मुळाशी कापू नका, तीन मिलिमीटर सोडा.

ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या दोऱ्याला मात्र क्लिंच चालत नाही. तो गुळगुळीत असतो, वेढ्यांतून निसटतो. त्याला पालोमार. वीतभर दोरा दुहेरी करून त्याचा फास डोळ्यातून काढायचा, त्या दुहेरी दोऱ्यानंच सैल साधी गाठ मारायची, खाली लोंबणारा अख्खा गळ त्या फासातून पलीकडे न्यायचा, ओलं करायचं आणि दोन्ही पदर एकत्र ओढायचे. दोन पदर एकमेकांना ओलांडून गेले तर आतला पदर बाहेरच्याला कापतो. तेवढं सांभाळलं तर यापेक्षा भरवशाची गाठ नाही, आणि संधिप्रकाशात चष्म्याशिवायही मारता येते.

दुसऱ्या प्रकारचं टोक कुरळं नसतं, सरळ असतं आणि गाठीच्या अगदी तोंडाशी तुटलेलं असतं. इथे गाठ धरून होती, ताण जास्त झाला. दोष ड्रॅगचा, म्हणजे रिळाच्या ब्रेकचा. रिळाच्या डोक्यावरची चकती किती आवळायची हे बहुतेक जण हातानं दोरा ओढून ‘बरोबर वाटतंय’ असं ठरवतात. हाताला काही कळत नाही. पाव-अर्धा किलोचा फरक बोटांना जाणवत नाही आणि मोठा मासा लागल्यावर तर प्रत्येकाचा हात आपोआप चकती आवळायला जातो. लटकवायचा छोटा वजनकाटा घ्या. पुण्यात बोहरी आळीत स्प्रिंगचा मिळतो, डिजिटल घेतला तरी चालेल. गळाच्या जागी काटा बांधा, दुसऱ्या कुणाला तो धरायला सांगा, रॉड 45 अंशात वाकवा आणि दोरा सुटायला लागतो तेव्हा काट्यावर किती दिसतं ते पाहा. तंगुसाच्या क्षमतेच्या चौथा ते तिसरा हिस्सा, एवढाच ड्रॅग हवा. आठ किलोच्या तंगुसाला दोन ते अडीच किलो. हा आकडा पहिल्यांदा फारच सैल वाटतो. मग दोन किलोची पाण्याची बाटली रॉडच्या टोकाला लटकवून उचलून बघा, म्हणजे दोन किलो किती असतात ते मनगटाला कळेल.

क्षमतेच्या निम्म्यापर्यंत का जायचं नाही? कारण काट्यावरचा आकडा स्थिर ओढीचा असतो, मासा झटके देतो. नायलॉन भिजला की कोरड्यापेक्षा थोडा कमजोर होतो. गाठीत काही ताकद जाते. शिवाय, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं, रिळावरचा तंगूस कमी होत गेला की तोच ड्रॅग जड होत जातो. गुंडाळीचा व्यास निम्म्यावर आला तर ओढायला लागणारा जोर दुप्पट होतो. म्हणजे माशानं शंभर मीटर तंगूस नेला की चकती आवळायची नसते, सैल करायची असते. काठावर याच्या नेमकं उलटं चालतं.

याच प्रकारात आणखी एक चोर आहे. कधी कधी तंगूस गाठीशी नाही, मध्येच कुठेतरी सरळ तुटतो. फेकताना वाऱ्यानं तंगुसाला आपोआप साधी गाठ पडलेली असते, बारीक, मोहरीएवढी. एवढ्याशा गाठीनं तंगुसाची ताकद जवळपास निम्मी होते. दर पाच-सहा फेकींनंतर शेवटचे दोन-तीन मीटर चिमटीतून ओढत न्या. बोटाला खडा लागला की तिथून कापा. रीळ काठोकाठ भरलं तरी अशा गुंत्यांना आमंत्रणच, म्हणून कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून भरावं. आणि ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहू नये. स्पिनिंग रिळात त्यामुळे फक्त तंगुसाला पीळ पडतो, मासा एक इंचही जवळ येत नाही.

तिसरं टोक ओळखायला सगळ्यात सोपं. पांढुरकं पडलेलं, खरखरीत, आणि खरखर फक्त टोकाशी नाही, वर हातभर गेलेली. तंगूस कशावर तरी घासला. आपल्याकडे घासायला जागांची कमी नाही. धरणाच्या भिंतीचं दगडी पिचिंग, काळा खडक, शिंपले, आणि पाण्याखाली गेलेल्या शेतांच्या बांधावरची बाभळीची खोडं. पुण्याभोवतीचे जलाशय म्हणजे बुडालेल्या वाड्या, मळे आणि ओढे. वरून सगळं पाणी सारखं दिसतं, खाली गावाचा नकाशा असतो. मासा त्याच नकाशानं फिरतो. ओढ्याच्या जुन्या पात्रातून येतो-जातो, बांधाच्या आडोशाला थांबतो, जुन्या विहिरीच्या काठाशी चरतो.

म्हणून या छंदातलं सर्वात महत्त्वाचं काम मे महिन्यात करायचं असतं, तेही गळ न टाकता. पाणी सर्वात खाली असतं तेव्हा काठावरून चालत जा. उजनीत पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. तिथे लोक फोटो काढायला जातात, तुम्ही मंदिराकडे पाठ करून ओढा कुठून येतो ते बघा. बांध, खोडं, दगडांचे ढीग, वाळूचा पट्टा, चिखलाचा पट्टा, सगळ्याच्या जागा मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवा आणि काठावरची न हलणारी खूण जोडीला घ्या: विजेचा टॉवर, पंपहाऊस, एकटं झाड. ऑक्टोबरात धरण भरलेलं असताना याच खुणांवर गळ टाकायचा. खोडांच्या मधोमध नाही, खोडांच्या अलीकडे पाच-सात मीटर, मोकळ्या जागेच्या कडेला. मासा बाहेर येऊन खातो आणि लागला की आत पळतो. तुमच्याकडे त्याला अडवायला ते पाच-सात मीटरच असतात. मे महिन्यातल्या चिखलावर मात्र उतरू नका. वरून भेगा पडलेली कोरडी खपली आणि खाली कमरेएवढा गाळ, असं उतरत्या काठावर नेहमी असतं.

खरखर दिसली की तेवढा तंगूस कापून टाकायचा, ‘अजून चालेल’ म्हणायचं नाही. उन्हानंही नायलॉन असाच खराब होतो, फक्त दिसत नाही. वर्षभर गाडीच्या मागच्या काचेखाली पडलेलं रीळ म्हणजे ठिसूळ झालेला तंगूस. तो दर मोसमात बदलावा. रॉड महाग घेऊन तंगूस तीन वर्षं तोच वापरणारे बरेच आहेत, त्यांचे मोठे मासे कायम सुटतात.

चौथं टोक स्वच्छ कापलेलं, ब्लेडनं कापावं तसं. एक तर खेकडा, नाहीतर दात. तळाशी ठेवलेलं आमिष खेकडे खातात आणि तंगुसही कापतात. सतत असं होत असेल तर जागा बदला किंवा आमिष तळापासून वीतभर वर ठेवा. दातवाला मासा म्हणजे शिवडा. तोंड डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेलं आणि जबडाभर बारीक दातांच्या रांगा. जिथे शिवडा असण्याची शक्यता आहे तिथे गळाच्या वर वीतभर बारीक स्टीलची तार हवीच. रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्या बाबतीत ही भीती नाही. या कुळातल्या माशांना जबड्यात दातच नसतात, ते घशात असतात. म्हणून तंगूस कापत नाहीत, पण गळ घशाकडे गेला तर चेपून वाकवतात. महासीर तर यासाठी प्रसिद्धच आहे.

आणि गळच परत आला तर? वाकून सरळ झाला असेल तर तो बारीक तारेचा होता किंवा ड्रॅग जास्त होता. धडधाकट परत आला तर अणकुची तपासा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. नखात रुतून अडकलं तर धारदार, घसरलं तर बोथट. बोथट गळ घासत बसण्यापेक्षा बदलणं स्वस्त. गळाच्या नंबरांत नवशिक्यांचा नेहमी गोंधळ होतो: 12 लहान, 6 मोठा, 1 त्याहून मोठा, आणि मग 1/0, 2/0 असे उलटे वाढत जातात. चिलापीला 10 ते 12, सायप्रिनसला 6, रोहू-कटल्याला 4 ते 1, मरळीसाठीच्या रबरी बेडकाला त्याचे स्वतःचे जोडगळ असतात. मोठ्या माशाला मोठा गळ असा सरळ हिशेब इथे नाही. रोहूचं तोंड लहान, खाली वळलेलं आणि ओठ जाड, झालरीचे. 2/0 चा गळ त्याच्या तोंडात जाईल, पण आधी त्याला संशय येईल.

सायप्रिनससाठी हेअर रिग शिकून घ्या. हा मासा आमिष ओढून घेतो, चाखतो, जड वाटलं की फुंकून बाहेर टाकतो. हेअर रिगमध्ये दाणे गळावर नसतात, गळाच्या वाकाखाली बारीक दोऱ्यावर अर्धा सेंटिमीटर अंतरानं लोंबतात. गळ उघडा राहतो. मासा फुंकायला जातो तेव्हा उघडं टोक खालच्या ओठात रुततं आणि 60 ते 80 ग्रॅमचं शिसं बाकीचं काम करतं. मक्याचे दोन-तीन दाणे पुरतात. मका मात्र डब्यातल्या स्वीटकॉर्नचा नको, तो फेकतानाच गळून पडतो. सुका मका 24 तास भिजवा, अर्धा-पाऊण तास उकळा, दाण्याला चीर पडली पाहिजे, आणि त्याच पाण्यात दोन दिवस राहू द्या. आंबूस, चिकट पाणी सुटतं, तेच हवं. न भिजवलेला सुका दाणा चाऱ्यात टाकू नये, तो माशाच्या पोटात फुगतो. शिसं असं बांधा, की तंगूस वर तुटला तरी ते गळून पडेल. नाहीतर मासा ते आयुष्यभर ओढत फिरतो. आणि या पद्धतीत रॉड टेकवून चहाला जायचं असेल तर आधी रिळाचा ड्रॅग पूर्ण सैल करा. सायप्रिनस लागला की रॉड स्टँडसकट पाण्यात जातो, हे काठावर कुणालाही विचारा.

एवढं झाल्यावर आता आमिषाबद्दल बोलायला हरकत नाही. आमिष कुठलं यापेक्षा ते कुठल्या थरात आहे हे पाहावं. कटला वरच्या थरात, तोंड वर वळलेलं. रोहू मधल्या. मृगळ तळाशी. सायप्रिनसही तळाशी, चिखल उकरत. म्हणजे चार मीटर पाण्यात कटल्यासाठी तळाला गोळी ठेवून बसणारा माणूस दिवसभर मृगळाचीच वाट पाहत असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. फ्लोटवर, म्हणजे तंगुसावरच्या तरंगत्या खुणेवर, खोली मोजायची सोपी रीत: गळाला जड शिसं लावून टाका. फ्लोट बुडाला तर तो वर सरकवा, आडवा पडला तर खाली. पाण्याच्या पातळीत नुसतं टोक दिसेल अशी जागा सापडली की ती खोली. मग शिसं काढून कटल्यासाठी फ्लोट खाली सरकवत आमिष वरच्या मीटरभरात आणा. रोहूसाठी मध्यावर. मृगळासाठी आमिष तळाला टेकलेलं. मृगळ आमिष उचलताना तळावरचा भारही उचलतो, म्हणून फ्लोट बुडत नाही, उलट वर येऊन आडवा पडतो. तीच खूण, बुडायची वाट बघू नका. रोहू फ्लोट तिरका सरकवत नेतो. फ्लोट टिपटिप नाचत राहिला तर बहुतेक चिलापीच. 1952 मध्ये भारतात आणलेला हा मासा आता उजनीत पोटापाण्याचा झालाय. मुलांना शिकवायला मात्र उत्तम: 12 नंबरचा गळ, दानव्याचा (गांडुळाचा) अर्धा इंच तुकडा, काठापासून चार हात.

पीठ: दोन वाट्या कणीक, एक वाटी भाजलेलं हरभऱ्याचं पीठ, एक वाटी बारीक चाळलेली शेंगदाण्याची पेंड. पाणी थोडं थोडं घालत पुरीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळायचं आणि ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवायचं. पेंड पाणी उशिरा पिते, म्हणून लगेच मळलेलं बरोबर वाटलं तरी नंतर कोरडं पडून फुटतं. फेकताना गोळी उडून जात असेल तर चिमूटभर कापूस विंचरून पिठात मळा. हा जुना उपाय आहे आणि अजून त्याला तोड नाही. घरून निघायच्या आधी बादलीत परीक्षा घ्या: गोळी पंधरा मिनिटं टिकली पाहिजे आणि अर्ध्या तासात विरघळायला लागली पाहिजे. लोखंडासारखी टिकणारी गोळी निरुपयोगी, तिचा वासच पाण्यात पसरत नाही. व्हॅनिला, बडीशेप, एकांगी (एक सुगंधी मुळी), ज्याला जे घालायचं ते घाला, थेंबाच्या हिशेबात. अत्तर ओतल्यासारखं नको. चाऱ्यासाठी एक किलो पेंड, एक किलो तांदळाचा कोंडा, अर्धा किलो मक्याचा भरडा, लिंबाएवढे गोळे. सुरुवातीला सात-आठ, नंतर तासाला दोन. सकाळीच सगळं ओतलं तर मासे येतात, पोटभर जेवतात आणि निघून जातात. जेवणावळ आणि आमंत्रण यांत फरक आहे.

मरळ वेगळी. ती जेवायला येत नाही, शिकारीला येते. ती हवेतून श्वास घेते, म्हणून थोड्या थोड्या वेळानं वर येऊन घोट घेते. शांत पाण्यावर तो बुडबुडा आणि वर्तुळ दिसलं की जागा कळली. जलपर्णीची कड, पाणवनस्पतींमधली खिडकी, पाझर तलावाचा सावलीतला कोपरा. रबरी बेडूक, 40 ते 50 पौंडांचा ब्रेडेड दोरा, सात फुटी दणकट रॉड. इथे बारीक तंगूस घेऊन खिलाडूपणा दाखवायला जाऊ नये. मासा गवतात घुसला की त्याच्यासकट पाच किलो जलपर्णी ओढावी लागते. बेडूक खिडकीच्या पलीकडे टाकायचा, पानांवरून ओढत आणायचा आणि मोकळ्या पाण्यात एक क्षण थांबवायचा. धप्पकन पाणी उडतं, आणि इथेच दहातले आठ जण चुकतात. आवाज ऐकताच हिसका देतात आणि बेडूक उडून पाठीमागच्या बाभळीत. मरळ आधी बेडूक जबड्यात धरते, मग वळते. मनात ‘एक, दोन’ म्हणा, दोऱ्याला वजन जाणवू द्या, मग जोरात हिसका. तरीही वारंवार हुकत असेल तर बेडकाचे दोन्ही गळ पक्कडीनं अगदी थोडे बाहेर वाकवा आणि बेडकात शिरलेलं पाणी पिळून काढा. पाणी भरलेला बेडूक दबत नाही, गळ उघडे पडत नाहीत.

पावसाळ्यात पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा पुंजका खळखळताना दिसला तर खाली मरळीचं जोडपं राखणीला असतं. पिल्लांवर बेडूक टाकला तर ते हमखास झेप घेतं, भुकेनं नाही, रागानं. हा खेळ नव्हे. राखणदार उचलला की तासाभरात इतर मासे पिल्लं संपवतात आणि पुढच्या वर्षी तोच तलाव ‘रिकामा झाला’ म्हणून आपणच बोंब मारतो.

मासा काठाजवळ आणतानाही रॉड उभा करून पाठीमागे झुकवू नये. हातजाळी पायाजवळ असताना मासा उचलायच्या नादात रॉड सरळ उभा धरला की सगळा ताण टोकावर येतो आणि कार्बनचा रॉड काडीसारखा मोडतो. वॉरंटीत तो बसत नाही. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि मासा डोक्याकडून तिच्यावर आणायचा. जाळी घेऊन माशामागे धावलं की तो शेवटचा झटका देतो, आणि त्या वेळी बाहेर असलेला तंगूस तीन मीटर, म्हणजे ताण शोषायला काहीच नाही.

महासीर लागला तर मात्र फोटोपेक्षा मासा महत्त्वाचा. दख्खनी महासीर पुण्याचाच म्हणायचा. विल्यम सायक्सनं 1839 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्या पाण्याचा वास घेऊन यावर विश्वास बसणार नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची बीजनिर्मिती चालते आणि ते बीज दूरदूरच्या नद्यांत गेलंय. याच्यासाठी गळाची खाच, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, पक्कडीनं दाबून टाका. ताण सोडला नाही तर बिनखाचेचा गळही सुटत नाही, आणि काढायला दोन सेकंद लागतात. हात ओले करा, कोरड्या टॉवेलनं धरू नका, अंगावरचा चिकट थर निघाला की बुरशी लागते. जबड्याला धरून उभा लटकवू नका. मासा पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला गुदमरलं की त्यालाही केव्हाच गुदमरलेलं असतं. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः शेपूट मारून जाईपर्यंत. पुढे-मागे ढकलत बसू नये, मागे ओढताना कल्ल्यांत उलटं पाणी जातं.

देहू-आळंदीच्या घाटांवर गळ काढायचाच नाही, तिथले मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. शहरातून वाहणाऱ्या नदीतला मासा धरला तरी ताटात घेऊ नका. जलाशयावर मासेमारीचा हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वाढतात पण तिथे अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला रोहू बहुतेक वेळा संस्थेनं बोटुकली विकत आणून सोडलेला असतो. आधी विचारा, पैसे मागितले तर द्या, आणि थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर तिथे जाळं आहे हे समजून लांब राहा.

कार्बनच्या रॉडमधून वीज उत्तम वाहते. शेतीपंपांच्या लोंबत्या तारांखाली बारा फुटी रॉड उभा करून चालणं आणि एप्रिल-मे मध्ये वळवाचा गडगडाट ऐकूनही ‘आणखी एक फेक’ म्हणणं, दोन्ही सारखंच. धरणाच्या खालच्या बाजूला भोंगा वाजला की सामान सोडून वर यायचं. गळ बोटात खाचेच्या पलीकडे गेला तर उलटा ओढू नका, तंगूस कापून डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आणि ज्या टोकावरून हे सगळं सुरू झालं, ते टोक आणि कापून टाकलेला तंगूस काठावर टाकायचा नाही. नायलॉन कुजत नाही. भिगवणच्या पाण्यात चालणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना त्याचा फास बसतो आणि पाय कापेपर्यंत आवळत जातो. पाण्याची एक रिकामी बाटली सोबत ठेवा, झाकणाला भोक पाडून. तंगूस त्यातून आत ढकलत राहायचं आणि भरली की घरी कात्रीनं बोटभर लांबीचे तुकडे करून कचऱ्यात टाकायचे.